सर्वांत वरचं नाव

नंदुरबार
२४ नोव्हेंबर २०२५

देसले सर यांस,
अतिका पिंजारीचा नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्यापासून 'रक्तमित्र' संस्थेत तुमच्या टेबलावर मी बसते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, लिहूनच विचारा, असं आपले व्यवस्थापक रूपचंद सर यांनी सांगितलं. म्हणून हा मेल.

दुसऱ्या दिवशी कोणत्या सिकलसेल रुग्णांना तपासणीला आणायचं, त्यांची यादी आपला संगणक रोज संध्याकाळी काढतो आणि काठी गावच्या आमशाभाऊंना मेसेज पाठवतो. ती पाहून ते सकाळी जीप काढतात. हे सगळं तुम्ही लिहिलेल्या हुकुमांवर चालतं. ते हुकूम जुन्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे संगणकाला हुकूम टाइप करून द्यायच्या खिडकीत, चालतात. ऑफिसात सगळे त्याला 'निळी खिडकी' म्हणतात. त्या शेलमध्ये आता नवीन काही घातलं जात नाही. त्याच्या जागी आलेलं शेल वेगळं बसवावं लागतं. त्याची खिडकी काळी आहे. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीने कळवलंय की त्यांची नवी जोडणी फक्त काळ्या खिडकीत चालेल आणि जुनी डिसेंबरअखेर बंद होईल. मेसेज गेला नाही तर जीप डोंगरात जात नाही, आणि जीप गेली नाही तर वरच्या पाड्यांवरच्या माणसांना रक्त मिळत नाही. म्हणून हे हलवायचं आहे.

तुमच्या हुकुमांत एकही टीप नाही, त्यामुळे विचारावं लागतंय. दोन फाइलींची नावं 'भाकर' आणि 'ठेचा' अशी आहेत. त्यांतली आधी कोणती चालते? यादी गावाच्या अंतरानुसार उलटी का लावली आहे? आणि 'ठेचा'मध्ये यादी वाचताना वरच्या दोन ओळी सोडायला सांगितलंय, ते कशासाठी?

उत्तर या आठवड्यात मिळालं तर बरं.

अतिका


नवसारी
३० नोव्हेंबर

अतिका बेटा,

तू शब्बीरभाईंची मुलगी ना? शहाद्याला गादीचं दुकान? त्यांनी भरलेल्या गादीवर मी अजून झोपतो. कापूस दबला नाही, माणूस दबला.

तुझा मेल वाचून पहिलं मनात आलं ते तसंच लिहितो: चालती गाडीनं चाक तू कशाले काढी ऱ्हायनी? मी असताना एक संध्याकाळ चुकली नाही. वीज गेली तर मी इन्व्हर्टरपाशी बसून राहिलो आहे. आता रूपचंदला काळी खिडकी हवी झाली. मला निरोप समारंभाला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी माझा पासवर्ड बदलला. बरं केलं म्हणा.

आधी भाकर, मग ठेचा. कोरडा ठेचा कोण खातं? भाकर म्हणजे यादी बनवणं, ठेचा म्हणजे ती पाठवणं.

यादी उलटी नाही, सरळच आहे. तू खालून बघतेस म्हणून उलटी वाटते. लांबचा माणूस आधी. आमशा सगळ्यात वरच्या पाड्यापर्यंत जातो आणि तिथून माणसं घेत घेत खाली येतो. वरच्या पाड्याचं नाव असेल तरच तो घाट चढतो, नाहीतर खालूनच सुरू करतो. डिझेल संस्थेचं असलं तरी गाडी त्याची आहे. हे त्यानेच मला शिकवलं. एकदा मी यादी बाराखडीप्रमाणे पाठवली, तर म्हणाला, "देसलेभाऊ, गाडी काय शाळेत जाते का?"

बाकी तुम्ही शिकलेली माणसं. बघा.

उमाकांत


नंदुरबार
९ डिसेंबर

देसले सर,

उत्तराबद्दल आभार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. पासवर्ड मी बदलला नाही, मी तेव्हा नोकरीत नव्हते.

काम निम्मं झालं आहे. काळ्या खिडकीत पहिल्यांदा 'भाकर' चालवली तेव्हा गावांची नावं चिनी असल्यासारखी दिसली. अक्षरं साठवायची दोन्हींची पद्धत वेगळी आहे. त्यात चार दिवस गेले. संगणकाची माहिती विचारणारा तुमचा एक हुकूम नव्यात काढूनच टाकला आहे, तो बदलून लिहिला. रूपचंद सर रोज येऊन विचारतात, "रंग बदलायला इतके दिवस?" काल मी त्यांना समजावून सांगायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे रंगच ना?"

खऱ्या रुग्णांची नावं चाचणीसाठी वापरायला मनाई आहे. ते योग्यच आहे. म्हणून तुम्ही बनवून ठेवलेली खोटी यादी वापरते. त्यात सर्वांत वर तुमचंच नाव आहे: 'उमाकांत देसले, गाव चंद्र'. ही यादी जुन्या आणि नव्या, दोन्ही खिडक्यांतून काढून पाहिली. सगळं जुळतं, एक गोष्ट सोडून. जुन्यातून पाठवायच्या मेसेजमध्ये तुमचं नाव येतं. नव्यातून येत नाही. बाकीची सगळी येतात.

दोन्हींपैकी बरोबर कोणतं? चाचणीचं नाव मेसेजमधून गाळलं जावं, अशी तुमची योजना होती का? त्या 'दोन ओळी' त्यासाठी आहेत का? कृपया एवढंच सांगा. कंपनीची मुदत जवळ आली आहे.

अतिका


नवसारी
१२ डिसेंबर

अतिका,

तुझा मेल सुनेने मोठ्या अक्षरात काढून दिला. वाचला आणि हसलो.

बरोबर कोणतं विचारतेस? नवंच बरोबर. उमाकांत देसले निवृत्त झाला, त्याचं नाव मेसेजमध्ये कशाला? गळू दे. तुझी काळी खिडकी हुशार शे. संस्थेने जे निरोपाच्या सभेत केलं ते तिने न सांगता केलं.

इथे नवसारीत माझं बरं चाललंय. नातू शाळेतून आला की त्याच्याशी गुजराती बोलायचं, सुनेशी मराठी, आणि कोणी नसलं की स्वतःशी अहिराणी. तापीचं पाणी इथे नाही. प्रकाशा गावच्या घाटावर पाय सोडून बसायची सवय मोडत नाही. आठवण ठेवून तू विचारलंस, बरं वाटलं.

आता मला फार प्रश्न नको. मन्ही बुद्धी जुनी खिडकी शे. तिच्यात आता नवीन काही घालत नाहीत.

उमाकांत


नंदुरबार
५ जानेवारी २०२६

देसले सर,

तुमच्या उत्तराप्रमाणे नव्या खिडकीचंच बरोबर धरलं. वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सगळं काळ्या खिडकीत चालू आहे. कंपनीची जुनी जोडणी बंद झाली. आपल्या मेसेजवर त्याचा परिणाम झाला नाही. चूक दाखवणारं लाल अक्षर कुठेही येत नाही. रूपचंद सरांनी पेढे आणले आणि भाषणात म्हणाले की त्यांनी संस्था आधुनिक केली.

तुमचे हुकूम ओळीओळीने वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती लिहावीशी वाटते. यादीत कोणाचं गाव भरायचं राहिलं असेल तर तुम्ही तो माणूस वगळत नाही. त्याला सर्वांत लांबचा धरता. तसं कोणी लिहीत नाही. बहुतेक लोक वगळतात.

अतिका


नंदुरबार
११ फेब्रुवारी

देसले सर,

हे सविस्तर लिहिते आहे, कारण तोंडी सांगितलं तर माझ्याकडून नीट सांगितलं जाणार नाही.

काठीच्या पलीकडे निंबारपाडा म्हणून वस्ती आहे. तिथे कालीबाई वसावे राहते. सिकलसेल आहे, आणि पहिलं बाळंतपण. दर पंधरवड्याला तिची तपासणी आणि गरज पडेल तसं रक्त. तिचा नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेला आहे. घरी ती आणि सासू, दिवलीबाई.

जानेवारीत तिच्या दोन तारखा झाल्या. दोन्ही वेळा जीप निंबारपाड्याला गेली नाही. परवा तिच्या अंगात कळा उठल्या, श्वास लागला. पाड्यावरच्या माणसांनी तिला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. आता ती नंदुरबारच्या दवाखान्यात आहे. दोन बाटल्या रक्त दिलं. बाळाचे ठोके लागतात. डॉक्टरांनी "आज ठीक" एवढंच सांगितलं, उद्याचं काही सांगितलं नाही.

आमशाभाऊ ऑफिसला आले. होळीची त्यांची पालनी सुरू झाली आहे, व्रतात खुर्चीवर बसत नाहीत, म्हणून जमिनीवर बसले. मीही खाली बसले. म्हणाले, "मॅडम, वरच्या पाड्याचं नाव महिनाभर नाय आलं. मला वाटलं, नवरा ऊसतोडीला गेला, तीबी गेली असेल. आपल्याकडे जातातच ना सगळे." मी विचारलं, मेसेज रोज येत होता? "रोज. पण रोज एक माणूस खाली रस्त्यावर उभा सापडायचा, म्हणायचा, माझी तारीख होती. मी म्हटलं, रेंजची गडबड."

मी त्या माणसांची नावं घेतली. वेगवेगळे दिवस, वेगवेगळे पाडे. एकच गोष्ट सारखी होती: त्या त्या दिवशी तो माणूस यादीत सर्वांत लांबचा होता. म्हणजे सर्वांत वरचा.

मग मी ती फाइल उघडून पाहिली. डिसेंबरातच उघडायला हवी होती. जुनं शेल यादी लिहिताना सगळ्यात वर स्वतःची एक ओळ घालतं: आत कोणत्या प्रकारचा माल आहे ते सांगणारी. दुसऱ्या ओळीत मथळे. माणसं तिसऱ्या ओळीपासून. म्हणून तुम्ही दोन ओळी सोडायला सांगितल्या होत्या. नवं शेल ती पहिली ओळ घालत नाही. माणसं दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात. 'ठेचा' तरीही दोन ओळी सोडत होता. रोज एक माणूस.

चाचणीत जे नाव गळलं ते तुमचं होतं. मी विचारलं, हे बरोबर आहे का. तुम्ही लिहिलंत, नवंच बरोबर, गळू दे.

मी तुमचं ते पत्र आज पुन्हा वाचलं. ते उत्तर नव्हतंच. तुम्ही संस्थेवर रागावला होता आणि थट्टा करत होता. मी एक साधा तांत्रिक प्रश्न दोनदा विचारला. दोन्ही वेळा मला नारळ, पासवर्ड, नातू आणि तापी मिळाली. तुम्ही एक ओळ लिहिली असती, की "दोन कशाला ते आता आठवत नाही, फाइल उघडून बघ", तरी पुरलं असतं.

आणि मी थट्टेला पुरावा मानलं. ती चूक माझी आहे, ती मी रूपचंद सरांना लेखी दिली. त्यांनी वाचून विचारलं, "मग परत निळी लावू या ना?" जुनी जोडणी बंद झाली आहे हे मी त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "देसले असते तर चालू ठेवली असती."

अतिका


नवसारी
१४ फेब्रुवारी

अतिका बेटा,

दोन दिवस मेल उघडून ठेवला होता. सुनेला वाटलं संगणक अडकला.

दोन ओळींचं मला आठवत नव्हतं. पहिल्या मेललाच आठवत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी लिहिलेलं, कोणाला आठवतं? पण ते लिहायची लाज वाटली. मग दुसऱ्या वेळी तू माझं नाव गळतं म्हणून लिहिलंस, आणि माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं. त्या नावाखाली कोणी माणूस उभा असेल असं मनातही आलं नाही. मी तुला काय सांगू? थट्टा करायची जागा चुकली. एवढंच खरं.

कालीबाई कशी शे ते आधी लिही. बाकी काही लिहू नको हवं तर.

रूपचंदला मी वेगळा मेल केला. लिहिलं की देसले असता तर त्याने तीच चूक केली असती आणि वर रूपचंदशी भांडलाही असता. जुन्याकडे जाऊ नको, अतिकाला नव्यातच दुरुस्त करू दे. पहिल्यांदाच त्याने माझ्या मेलला उत्तर दिलं: "ठीक." आठ वर्षं सोबत काम केलं, एवढं लांब मला त्याने कधी लिहिलं नाही.

मी येऊ का? बसने सकाळी निघालो तर दुपारी पोचेन. तू नको म्हणालीस तर नाही येत.

उमाकांत


नंदुरबार
२६ फेब्रुवारी

देसले सर,

येऊ नका. रागाने म्हणत नाही. इथे तुम्ही करण्यासारखं काही उरलेलं नाही.

कालीबाई घरी आहे. बाळ पोटात आहे, ठोके चांगले आहेत. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आणि बजावलं की ही चुकता कामा नये.

'ठेचा' मी पुन्हा लिहिला. ओळी मोजून सोडत नाही आता. रकान्याच्या नावाने माणूस उचलते. यादीत जितकी माणसं, मेसेजमध्ये तितकीच नसतील तर तो थांबतो आणि माझा फोन वाजवतो. तुमची लांबचा-आधी पद्धत तशीच ठेवली आहे, आणि गाव नसलेल्याला सर्वांत लांबचा धरणंही. प्रत्येक ओळीवर टीप लिहिली आहे. रूपचंद सर म्हणाले, "टिपाच जास्त दिसताहेत." खरं आहे.

हे सगळं झालं तरी एक काम राहिलं होतं. दिवलीबाईंनी दवाखान्यातून जाताना आमशाभाऊंना सांगितलं होतं की सून आता खाली येणार नाही, पाड्यावरचा भगतच औषधपाण्याचं बघेल काय ते. म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी मी वर गेले. आमशाभाऊंनी दुभाष्याचं काम केलं, कारण त्यांची भाषा मला येत नाही आणि दिवलीबाईंना मराठी थोडीच.

दिवलीबाई अंगणात मका निवडत होत्या. मी उभ्याने सांगितलं: दोन्ही वेळा गाडी आली नाही ती आमशाभाऊंमुळे नाही, रेंजमुळे नाही. नाव मेसेजमधून गळत होतं आणि ते काम माझं होतं.

आमशाभाऊंनी ते सांगितलं, पण माझ्यापेक्षा कमी शब्दांत. मी विचारलं, सगळं सांगितलंत का? "सांगितलं ना. म्हटलं, चूक हिची."

दिवलीबाईंनी मला आपादमस्तक पाहिलं. मग थेट मराठीत विचारलं, "तू ऑफिसची?"

"हो."

"लगीन झालं?"

"नाही."

"म्हणून." बस, एवढंच. आमशाभाऊ हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी दाणे वेचणं चालू ठेवलं आणि म्हणाल्या, "मशीन बोलावणार, मशीन विसरणार. आमी नाय येत."

मी म्हटलं, उद्या गाडी येईल. त्या म्हणाल्या, "तसं तर तेव्हाबी येणार होती."

नवा हुकूम, माणसं जुळवणारी तपासणी, वाजणारा फोन, यातलं एकही त्या अंगणात सांगण्यासारखं नव्हतं. कालीबाई दारात बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाय सुजलेले दिसत होते. मी पाणी प्यायले आणि परत आले.

रात्री आमशाभाऊंच्या घरी, काठीतच राहिले. संध्याकाळचा मेसेज त्यांच्या फोनवर आला तो मी बघितला. सर्वांत वरचं नाव कालीबाई वसावे, निंबारपाडा. मेसेज बरोबर होता. त्याने काही सिद्ध होत नव्हतं. सकाळी मी जीपमध्ये पुढे बसले. घाट चढताना आमशाभाऊंना म्हटलं, त्या फाट्यावर नसतीलच तर घरापर्यंत जाऊ, मी पुन्हा बोलते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललात की त्या चिडतात."

फाट्यावर दोघी उभ्या होत्या. कालीबाई दगडावर टेकून, दिवलीबाई डोक्यावर पोटली घेऊन. अजून नीट उजाडलेलं नव्हतं. मी आमशाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाले, "त्या दोन येळांनाबी अशाच उभ्या व्हत्या. दुपारपर्यंत. मला पाड्यावरच्यांनी सांगितलं."

हे ते या पंधरा दिवसांत मला बोलले नव्हते. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, "तुम्ही आधीच लई कागद लिहीत व्हत्या."

गाडी थांबली. दिवलीबाईंनी आत डोकावून पाहिलं. मला बघून त्यांना आनंद झाला असं मला वाटलं नाही. हाताने खूण केली: उतर.

मी उतरले.

"तू मागं बस," त्या म्हणाल्या. "तिला मागं मळमळतं."

मी मागे गेले. कालीबाई पुढे बसली. दिवलीबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या, पोटली माझ्या मांडीवर ठेवली आणि आमशाभाऊंना म्हणाल्या, चल.

अतिका